मुलींचे बिऱ्हाड

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिणारे शाळा मोजतात, विद्यार्थिनी मोजतात आणि पदव्या मोजतात. १८४८ साली पुण्यास भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. १८८४ साली हुजूरपागेतील मुलींचे हायस्कूल निघाले. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. हा क्रम सर्वांस ठाऊक आहे आणि तो खराही आहे. परंतु हा सारा दिवसाचा इतिहास झाला. घंटा वाजते, मुली वर्गात बसतात, पुन्हा घंटा वाजते, शाळा सुटते, आणि इतिहासही तेथेच सुटतो. शाळा सुटल्यावर ती मुलगी कोठे गेली, रात्री कोणाच्या छपराखाली निजली, तिच्या ताटात कोणी वाढले, हे विचारण्याचे भान इतिहासकारास क्वचितच राहते. वास्तविक परगावच्या मुलीला या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले तरच शाळेचा दरवाजा दिसत असे. म्हणून आज मी शाळांचा नव्हे, मुलींच्या बिऱ्हाडांचा इतिहास थोडक्यात सांगणार आहे. हा इतिहास अपुऱ्या जागेचा आहे. घर बांधावे आणि त्यात मुली मावू नयेत, असेच त्यात पहिल्यापासून घडत आले आहे.

मुलगा आणि मुलगी यांच्यात या बाबतीत पहिल्यापासून केवढे अंतर होते ते पाहावे. जुन्या पुण्यात गरीब ब्राह्मणाचा मुलगा पंचा नेसून विद्येसाठी येई. तो सात घरी सात वार लावी, नाही तर झोळी घेऊन माधुकरी मागे. देवळाच्या ओवरीत पथारी टाकी, म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली घोकंपट्टी करी. पुढे तो मामलेदार किंवा वकील झाला की या हालांचे वर्णन त्याच्या चरित्रात मोठ्या अभिमानाने येई. वार आणि ओवरी हेच त्या मुलाचे वसतिगृह होते. समाजाने ते न बांधता बांधून ठेवले होते. बहुजनांच्या आणि अस्पृश्यांच्या मुलाला ती ओवरीही मोकळी नव्हती. हे ज्यांनी ओळखले ते खरे द्रष्टे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगांची रांगच उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. त्यातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आमच्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय उभे केले. या सर्वांना एक गोष्ट कळली होती की खेड्यातील मुलाला शाळा देऊन भागत नाही, त्याला मुक्काम द्यावा लागतो.

पण मुलगी? तिला वार लावता येत नव्हते. तिला ओवरीत निजता येत नव्हते. दूरच्या नातलगाकडे ठेवावी तर तिथे ती विद्यार्थिनी राहत नसे. पाणी भरणारी, पोरे सांभाळणारी एक जास्तीची बाई होई. म्हणून कित्येक पिढ्या मुलींचे शिकणे जेथल्या तेथे, घराच्या चार भिंतींत झाले. आणि तेही बापाच्या मर्जीने.

याचे उदाहरण शोधण्यास मला दूर जावे लागत नाही. आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहून पुण्यास छापवले. पुरुषांच्या ढोंगावर असा कोरडा मराठीत त्यापूर्वी कोणी ओढला नव्हता. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यास सरकारी कचेरीत नोकरीस होते; त्यांनी लेकीला घरीच शिकविले. त्या काळी आमच्या जिल्ह्यातील मुलीने राहून शिकावे असे घर बुलढाण्यास नव्हते, अमरावतीस नव्हते, पुण्यासदेखील नव्हते. ताराबाईंजवळ बुद्धी होती, धार होती, बापाचे पाठबळ होते. सोबत मात्र नव्हती. त्यांच्या पुस्तकावर टीका झाली तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहणारे जोतीराव फुले होते. पण ते पुण्यास आणि या बुलढाण्यास. एवढे जळजळीत पुस्तक लिहिणाऱ्या बाईचे दुसरे पुस्तक आपल्यापुढे नाही. चार मैत्रिणींच्या एका घरात ती राहिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या परीक्षेत बसत नाही हे मला मान्य आहे. पण मनातून जात नाही.

या घराचा पाया ज्या बाईने घातला तिचे स्वतःचे बालपण बिनघराचे होते. पंडिता रमाबाई आईबापांबरोबर तीर्थे हिंडत वाढल्या. दुष्काळात रस्त्यावरच त्यांनी आईबाप गमावले. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाईंचीच गोष्ट घ्या. समुद्रापलीकडे एकटी गेलेली ही तरुण मुलगी वैद्यकाच्या पदवीपर्यंत पोहोचली याचे श्रेय तिच्या जिद्दीला आहेच. पण रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तिला आपल्या घरात मुलीसारखी जागा दिली नसती तर त्या जिद्दीला टेकायला खांब मिळाला नसता. रमाबाईंनी हे जवळून पाहिले. त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, आणि बोस्टनमधील मंडळींनी दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन निघाले. आरंभी विद्यार्थिनी फक्त दोन. त्यांपैकी एक कोकणातली बालविधवा, गोदूबाई.

दोन मुलींचे घर वर्षा-दोन वर्षांत भरू लागले. १८९० साली सदन पुण्यास आले. १८९३ साली धर्मांतराच्या शंकेवरून मोठे वादळ उठले, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. त्या वादाचे कागद उदंड आहेत. सदन बरोबर होते की त्याचे टीकाकार, यावर आजही लिहिले जाते. नेलेल्या मुलींना दुसरे कोणते घर होते, हे त्या गदारोळात विचारणारा आवाज मात्र बारीकच राहिला. जागा एकच असली म्हणजे असे होते. त्या एका जागेचे नियम, त्या जागेचा धर्म, त्या जागेचा लौकिक, सारे काही मुलीला घ्यावे लागते, नाही तर घरी परतावे लागते. दुसरे घर असते तर ती निवड करू शकली असती.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात त्याच वेळी प्लेगने थैमान मांडले होते. शहरात एवढी माणसे एका वाड्यात ठेवणे शक्य नव्हते. रमाबाईंनी सदनाच्या उत्पन्नासाठी केडगावास जमीन घेऊन ठेवली होती. मुली तिकडे गेल्या. आधी तंबू आणि झोपड्या, मग विटांच्या भिंती. १९०० च्या सुमारास, गुजरातेतील दुष्काळानंतर, केडगावच्या मुक्ती सदनात दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. अकरा वर्षांत दोहोंचे दोन हजार! हा आकडा वाचताना दुष्काळ आणि प्लेग ध्यानात ठेवला पाहिजे. या सगळ्या विद्येच्या ओढीने आलेल्या नव्हत्या. परंतु त्यातून एक गोष्ट दिसते. घर नव्हते तोवर अशा बायका आहेत हेच कोणाला दिसत नव्हते. दार उघडले, आणि एवढ्या जणी बाहेर उभ्या होत्या हे त्या दिवशी समजले.

आता त्या पहिल्या दोघींतील गोदूबाईकडे वळू. तिचा भाऊ मुंबईत धोंडो केशव कर्वे यांच्याबरोबर राहत असे. ११ मार्च १८९३ रोजी, शारदा सदनाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, विधुर कर्व्यांनी गोदूबाईशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. गोदूबाईच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सर्व महाराष्ट्राच्या बाया कर्वे. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. आश्रम आधी पुण्यात होता, पण विधवांच्या आश्रमाला शहर सुखाने नांदू देईना आणि प्लेग कोणालाच नांदू देईना. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसभर फर्ग्युसनात गणित शिकवीत आणि संध्याकाळी चारेक मैल चिखल तुडवीत, खांद्यावर सामान घेऊन हिंगण्यास जात. ही झोपडी आज कर्वेनगरात जपून ठेवली आहे. आपण तिला नमस्कार करतो, करावाच. पण नमस्कार करताना ध्यानात घ्यावे की ती झोपडी शाळा म्हणून जितकी मोठी, तितकीच निजण्याची जागा म्हणून मोठी. त्या मुलींना गणित शिकविणारा माणूस शहरात मिळाला असता. अंग टाकायला जागा मात्र त्या माळावरच मिळाली.

त्या झोपडीत आलेल्या पहिल्या बायकांत पार्वतीबाई आठवले होत्या. बायांची धाकटी बहीण, पदरी एक मुलगा असलेली विधवा. केशवपन केलेली ही बाई तिथे शिकली, मग तिथेच देखरेख करू लागली, मग आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडली. इंग्रजी धड येत नसता १९१८ साली ती अमेरिकेस गेली आणि तेथे घरकाम करून, माणसे जोडून आश्रमासाठी पैसे घेऊन परत आली. मला या बाईंची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्या घराने आपल्याला ठाव दिला, त्याच घरात आणखी एक खोली वाढावी म्हणून तिने सातासमुद्रापलीकडे दुसऱ्यांची भांडी घासली.

येथे एक साखळी दिसते. अमेरिकेतील घराने आनंदीबाई जोशींना आसरा दिला. त्यांच्या समारंभाला गेलेल्या रमाबाईंनी शारदा सदन काढले. शारदा सदनातील पहिल्या मुलीच्या संसारातून हिंगणे उभे राहिले, आणि तिच्या बहिणीने ते वाढवले. १९०९ साली पुण्यास रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन सुरू केले, ते रानड्यांच्याच वाड्यात. तेथे राहून कितीतरी बायका शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. एका घरातून दुसरे घर निघते. शाळेतून विद्यार्थिनी बाहेर पडते; बिऱ्हाडातून बहिणी बाहेर पडतात. वर्गात शेजारी बसणे वेगळे आणि तापाने फणफणलेल्या मैत्रिणीच्या उशाशी बसणे वेगळे. हिंगण्याच्या झोपडीला पुढे वीस वर्षांनी, १९२० साली, विठ्ठलदास ठाकरसी यांचे पंधरा लाखांचे दान महिला विद्यापीठाच्या रूपाने लाभले आणि १९२१ साली विद्यापीठाच्या पहिल्या पाच पदवीधर स्त्रिया बाहेर पडल्या. साडेसातशे आणि पंधरा लाख या दोन आकड्यांच्या मधली वीस वर्षे बायकांनी चूल पेटती ठेवली म्हणून गेली.

हा प्रश्न आपल्याच देशाचा, आपल्याच रूढींचा, असे कोणी समजू नये. इंग्लंडात केंब्रिजला बायकांसाठी व्याख्याने सुरू झाली तेव्हा परगावाहून येणाऱ्या बायका राहणार कोठे, हा पेच पडला. १८७१ साली हेन्री सिज्विक यांनी एक घर भाड्याने घेतले आणि अ‍ॅन क्लफ नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली पाच विद्यार्थिनी तिथे राहू लागल्या. तेच आजचे न्यूनम कॉलेज. म्हणजे ते कॉलेज बिऱ्हाड म्हणून जन्मास आले. केंब्रिजने बायकांना पुरी पदवी दिली ती १९४८ साली; खाट मिळाली त्यानंतर पदवी मिळायला सत्त्याहत्तर वर्षे लागली.

अमेरिकेत याच सुमारास निराळी तऱ्हा निघाली. तेथील कॉलेजांत मुलगे आणि मुली एकत्र शिकू लागले, पण मुली मूठभर. मुलग्यांची बंधुमंडळे होती, त्यांत मुलींना मज्जाव. तेव्हा मुलींनी आपली भगिनीमंडळे काढली. सिरॅक्यूज विद्यापीठात लॅटिनच्या एका प्राध्यापकाने अशा एका मंडळासाठी ‘बहीण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘सोरोरिटी’ असे नाव काढून दिले. त्याच विद्यापीठात ‘आल्फा फाय’ या मंडळाच्या मुलींनी १८८६ साली स्वतःचे घर बांधले. बायकांच्या मंडळाने बांधलेले असे ते पहिले घर म्हणतात. मग गावोगावी अशी घरे झाली. सभासद वाढत गेल्या आणि घर अपुरे पडत गेले. घर अपुरे पडले म्हणजे कोणाला घ्यावे आणि कोणाला नाही, याची यादी आली. आतल्या मुली बाहेरच्या मुलींना निवडू लागल्या. आणि त्या निवडीत काळ्या मुलींना स्थान नव्हते. म्हणून १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्या विद्यार्थिनींनी ‘आल्फा काप्पा आल्फा’ हे आपले वेगळे भगिनीमंडळ स्थापन केले.

मला जे सांगायचे आहे ते येथे येऊन ठेपते. जागा कमी पडली की दाराशी यादी लागते. आणि त्या यादीत नावे कोणत्या क्रमाने लिहायची हे समाजाने आधीच ठरविलेले असते. आपल्याकडेही तेच झाले. आरंभीच्या आश्रमांत आलेल्या मुली बहुतेक ब्राह्मण घरांतल्या होत्या. कारणे देता येतात. केशवपनाचा जुलूम त्या घरांत अधिक, वर्गणी देणारे त्या समाजातले, पंक्तीचा प्रश्न नाजूक. कारणे खरी असतील. पण कुणब्याची, माळ्याची, महाराची मुलगी त्या यादीत नव्हती, हेही तितकेच खरे. जिथे झोपडीत दहा जणींची जागा, तिथे अकरावीला नाही म्हणणे सोपे जाते. आणि अकरावी कोण, हे तिने दार ठोठावण्यापूर्वीच ठरलेले असते.

त्या अकरावीचा आवाज प्रथम मोठ्याने उठला तो आमच्या विदर्भातून, याचा मला अभिमान वाटतो. नागपूरच्या जाईबाई चौधरी या महार समाजातील बाई. लहानपणी त्यांनी स्टेशनावर हमाली केली. शिकून शिक्षिका झाल्या तर अस्पृश्य बाईपुढे आपल्या मुली बसविण्यास स्पृश्य पालक तयार होईनात, आणि नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. त्यानंतर वीस वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरात अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण झाले; हजारो बायका गावोगावाहून भाकरी बांधून आल्या होत्या. या परिषदेने काडीमोडाचा कायदा मागितला, बहुपत्नीत्वावर बंदी मागितली, गिरणीतल्या बायकांसाठी रजा मागितली. आणि मुलींच्या शिक्षणासाठी सरकारी खर्चाने चालणारी, पन्नास-पन्नास मुलींची वसतिगृहे मागितली.

या ठरावापाशी जरा थांबले पाहिजे. त्याआधी पन्नासेक वर्षे मुलींची घरे दानावर उभी राहिली. बोस्टनचे दान, रावबहादुरांचे दान, शेटजींचे दान. देणाऱ्यांचे उपकार थोरच. पण दानाला दात्याची मर्जी चिकटलेली असते. नागपूरच्या बायकांनी दान मागितले नाही. त्यांनी आकडा सांगितला. घर हे पुण्यकर्म नसून हक्क आहे, हे त्या एका आकड्याने सांगितले. ज्यांच्यातल्या बहुतेकींना अक्षरओळखही नसेल, त्यांना शिक्षणाच्या व्यवहारातला खरा मुद्दा कळला होता: पोरीला नुसती शाळा पुरत नाही.

तो मुद्दा आजही शिळा झालेला नाही. बल्लाळदेवीचे ठाणे असलेले आमचे अमडापूर चिखली तालुक्यात येते. देवीच्या दर्शनाला आलेला अनोळखी पाहुणा असला तरी कोणाच्या तरी ओसरीवर त्याची पथारी पडते. पुस्तक घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला मात्र अशी ओसरी नाही. बारावीपर्यंत ठीक चालते. अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा एसटीचा मोफत पास असतो, मुलगी सकाळी जाते, दिवेलागणीला परत येते. पुढे चिखलीत किंवा बुलढाण्यात जे शिकायला मिळते तेही पासावर भागते. पण मुलीने परिचारिका व्हायचे म्हटले, इंजिनियर व्हायचे म्हटले, पुण्यास किंवा अमरावतीस नंबर लागला, की घरात शांतता पसरते. मास्तरकी करताना ही शांतता मी अनेक घरांत ऐकली आहे. बाप फीचे विचारतो, आई मागे दाराला टेकून उभी असते आणि शेवटी एवढेच म्हणते, “ते सारं खरं गुरुजी, पण पोरगी राहीन कुठी?”

त्या माउलीला कोणी मागासलेली म्हणू नये. केंब्रिजच्या सिज्विकांना जो प्रश्न पडला तोच तिला पडलेला असतो.

सरकारनेही हा प्रश्न ओळखला आहे, नाही असे नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकल्याणची मुलींची वसतिगृहे आहेत. ज्यांना त्यांत प्रवेश मिळत नाही अशा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. आंबेडकर स्वाधार योजना आली. सुरुवातीस ठरलेली रक्कम मुंबई-पुणे-नागपुरासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये. आदिवासी आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी तशाच योजना निघाल्या. पंजाबराव देशमुखांच्या नावाने निर्वाह भत्ता आहे. या योजनांचा मी विरोधक नाही. त्या पैशावर शिकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांचा अर्थही वाचला पाहिजे. जागा मिळाली नाही म्हणून पैसे देणारी योजना ही जागा अपुरी असल्याची सरकारी कबुली आहे. आणि पैसे हातात आले म्हणजे घर मिळाले असे होत नाही. मुलगी शहरात कॉट बेसिसवर खोली शोधते. घरमालक आधी डिपॉझिट विचारतो, मग आडनाव विचारतो. यादी संस्थेच्या दारावरून निघून घरमालकाच्या जिभेवर येते.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ठराविक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पुरती माफ केली. निर्णय मोठा आहे. फीची भिंत पाडली की तिच्यामागे थांबलेल्या मुली पुढे येणार. केडगावास दार उघडले तेव्हा जे झाले तेच होणार. पण या वेळी तरी ते आधी ओळखावे. ज्या गावात कॉलेजच्या जागा वाढतात त्या गावात खाटा किती वाढल्या, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. नाही तर फी माफ झालेली मुलगी आणि फी न परवडलेली मुलगी अखेर एकाच ओसरीवर बसलेल्या दिसतील.

मी असेही म्हणणार नाही की घर मिळाले की सारे मिळाले. मुलींच्या घरांना कुलुपे फार असतात. सातच्या आत परत या, पाहुणा कोण आला लिहा, पत्रे दाखवा, आता फोन दाखवा. रक्षण आणि राखण यांतला फरक आपल्या वसतिगृहांना अजून नीट समजलेला नाही. जागा थोडी असली म्हणजे हे जाच मुली मुकाट्याने सोसतात, कारण बोलले तर खाट जाईल ही भीती असते. खाटा पुरेशा असतील तेव्हाच त्या खाटेवर बसून मुली नियमांविषयी बोलू शकतील. म्हणजे स्वातंत्र्याचा प्रश्नही शेवटी जागेपाशी येऊनच अडतो.

संस्थांचे सुवर्णमहोत्सव होतात, शताब्दी होते, जाडजूड स्मरणिका निघतात. त्यांत विद्यार्थिनींच्या संख्येचे कोष्टक असते. माझी या संस्थांना एक विनंती आहे. त्या कोष्टकात आणखी दोन रकाने घालावेत. एक, त्या वर्षी मुलींसाठी खाटा किती होत्या. दुसरा, जागा नाही म्हणून किती मुली परत गेल्या. पहिला रकाना भरणे सोपे आहे. दुसरा बहुधा कोराच राहील, कारण परत जाणाऱ्या मुलीचे नाव लिहून ठेवण्याची आपल्याकडे चाल नाही. शारदा सदनात आलेली गोदूबाई आपल्याला ठाऊक आहे, हिंगण्यास आलेल्या पार्वतीबाई ठाऊक आहेत. दारावरून परतलेली, किंवा दारापर्यंत न आलेलीच, अशी एखादी ताराबाई त्या कोऱ्या रकान्यात असेल. स्त्रीशिक्षणाचा अर्धा इतिहास तिथे आहे. तो लिहायला घेतला पाहिजे. आणि यंदाच्या वर्षापासून सुरुवात केली तर नावे अजून मिळतील.